साबणाचं पाणी आणि तीन मास्क

फाइलवर इंग्रजीत लिहिलं होतं, पेशंट सहकार्य करत नाही. नेहरू नगरच्या एका खाजगी दवाखान्यात बाबा सहा दिवस भरती होते आणि सुट्टी होताना हातात पडलेल्या कागदांत मला तेवढी एकच ओळ दिसली. माझं टाळकंच सरकलं. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, "ये किसने लिखा है?" ती म्हणाली, "मॅडम, सबका लिखते हैं." सबका! म्हणजे तिथं येणारा एकही माणूस सहकार्य करत नाही, आणि दवाखान्याचं मात्र कधीच काही चुकत नाही.

माझे बाबा छत्तीस वर्षं इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये गॅस सेफ्टीला होते. माणूस आत शिरेल एवढ्या जाड पाइपांतून तिथं विषारी गॅस फिरतो. त्या पाइपांचा कुठला जोड गळतो ते शोधायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी यंत्र मिळायचं, पण बाबांचा भरवसा साबणाच्या पाण्यावर. ब्रशनं जोडावर पाणी फासायचं आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की तिथं गळती. माणसं खोटं बोलतात, यंत्रंही कधीमधी बोलतात, बुडबुडा बोलत नाही, असं ते सांगायचे. अशा माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या श्वासाची राखण केली आणि त्याच्या कागदावर हा शेरा.

माझंही काम थोडंफार तसंच आहे. मी चरोद्याच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांचे ब्रेक तपासते. ते हवेच्या दाबावर चालतात, त्यामुळे मीही दिवसभर गळतीच शोधत असते. नवऱ्याला सोडून आले त्याला आठ वर्षं झाली, रुआबांध्याला आईबाबांकडेच राहते, आणि तो विषय इथं संपला.

बाबांची फुप्फुसं कशानं गेली यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आई म्हणते बिडी. बाबा म्हणतात हवामान. कशानंही असो, त्यांच्या छातीत हवा जाते पण जुनी हवा पुरती बाहेर येत नाही. ती आत साचली की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यांना गुंगी येते आणि ते काहीबाही बोलू लागतात. अशा वेळी घशात नळी न घालता नुसत्या मास्कमधून दाबानं हवा देणारं एक मशीन लावतात. दवाखान्यात तेच लावलं होतं. वॉर्डबॉयनं पट्टे असे आवळले की नाकाच्या हाडावर जखम झाली, हवा फुसफुस करत डोळ्यांत जायची, आणि बाबा मास्क ओढून काढायचे. सहकार्य न करणं म्हणतात ते हेच.

निघताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. मशीन महिनाभर घरी लावा, मग परत रक्त तपासू, असं ते हिंदीत म्हणाले. कार्बन डायऑक्साइडचा आकडा खाली आला तर ठीक. नाही आला तर पुढच्या वेळी नळी घालावी लागेल, आणि कदाचित गळ्याला छेद करून ती तिथंच ठेवावी लागेल.

बाबांनी एकच विचारलं, "छेद किया तो बोल सकूँगा?"

"शुरू में तो नहीं, अंकल. बाद का बाद में देखेंगे."

"मंग नाई," बाबा मराठीत म्हणाले आणि उठले. डॉक्टरांना ते समजलं की नाही कोण जाणे.

बोलण्याचं त्यांना एवढं का, ते सांगते. भंडाऱ्याकडून इथं कामाला आलेल्या आमच्या लोकांनी रुआबांध्याला एक छोटं विहार बांधलंय. रविवारी सकाळी वंदना होते. पहिली ओळ एकट्यानं म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची अशी तिथली रीत, आणि पहिली ओळ वीस वर्षांपासून बाबांची. आवाज असा की बाहेर चपला काढणारा माणूसही घाई करतो. आमच्या वस्तीतली पोरं एकमेकांशी हिंदीत बोलतात, शाळा हिंदीत, बाजार हिंदीत. पण ती ओळ त्यांना पाठ आहे ती बाबांच्या आवाजात. गळ्यात छेद म्हणजे ती ओळ गेली. बाबांना मरणाची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, खूप होती. पण मुकं होण्याची जास्त होती.

रिक्षात बसताना ते म्हणाले, "एक महिना हाये ना? लावतो मी मशीन. पण मास्क मी सोता तपासून घेईन."

"आता घरात प्लांट नका उघडू," आई म्हणाली.

त्यांनी उघडलाच. एक मशीन आम्ही भाड्यानं आणलं. दुसरं चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या एका मावशींकडे होतं. काका गेल्यापासून ते जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर पडलेलं. "घेऊन जा पोरी," त्या म्हणाल्या, "मले ते दिसलं का घास उतरत नाई." डॉक्टरांनी लिहून दिलेला दाब भाड्याच्या दुकानवाल्यानं दोन्ही मशीनवर बसवून दिला. मास्क तीन जमले. एक फक्त नाकावर बसणारा, एक नाक-तोंड झाकणारा, आणि एक कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा झाकणारा.

मग रोज दुपारी, जेवणं झाली आणि मी सकाळच्या ड्यूटीवरून आले, की वऱ्हांड्यात आमची तपासणी सुरू व्हायची. बाबा खुर्चीत, तोंडावर मास्क, मशीन स्टुलावर. माझ्या हातात दाढीचा ब्रश आणि आईची वाटी, वाटीत साबणाचं पाणी. मास्कच्या कडेनं मी ते फासत जायची आणि बाबा हातात आरसा धरून बघायचे. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं मी बापाची दाढी करतेय. दोन्ही मशीनवर किती हवा वाया जातेय त्याचा आकडा दिसायचा, पण बाबा आधी फेस बघायचे आणि मग आकडा. आकडा सांगतो की गळतंय, कुठं गळतंय ते फेस सांगतो.

नाकाचा मास्क पहिल्याच दिवशी बाद झाला. तो घातल्यावर तोंड बंद ठेवावं लागतं, नाही तर नाकातून घेतलेली हवा सरळ तोंडातून निघून जाते. बाबांचं तोंड बंद ठेवणं इतक्या वर्षांत आईला जमलं नाही, ते त्या मास्कला काय जमणार? चेहराभर बसणारा मास्क गळायचा कमी, पण त्यात चष्मा घालता येईना, पेपर वाचता येईना, आणि घामानं काच धुरकटून जायची. "वेल्डिंगवाला दिसून राहिलो मी," बाबा आतून ओरडायचे. राहिला मधला. तो सगळ्यांत बरा, पण दोन्ही गालांशी फेसच फेस.

पट्टे मी आवळले तसा फेस वाढला. बाबांनी माझ्या हातावर चापट मारली.

"एका बाजूनं आवळशीन तर दुसऱ्या बाजूनं गळनच ना. पाइपाच्या जोडाले, फ्लँजले, बोल्ट कसे कसतेत? समोरासमोरचे. थोडा हा, थोडा तो."

तसं कसलं. वरचा डावा, खालचा उजवा, मग वरचा उजवा, खालचा डावा, आणि तेही दोन बोटं आत जातील एवढंच. फेस अर्धा झाला आणि नाकावरची जखमही सुकायला लागली. तरी गाल काही मानेनात. दोन दिवस बाबा आरशात स्वतःचे गाल बघत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माही कवळी आण."

कवळी बसवली, गाल भरले, मास्क टेकला. एका बाजूला फेस पार गेला, डाव्या गालाशी दोन-चार बुडबुडे उरले. मला एवढा राग आला की मी वाटीच आदळली. दवाखान्यात सहाही दिवस ती कवळी स्टीलच्या डबीत होती. पहिल्या दिवशी काढून घेतली आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. खोलगट गालांवर कुठला मास्क बसणार आहे? आणि म्हणे सहकार्य करत नाही.

दोन मशीन आलटून पालटून लावून आम्हाला कळलं ते असं. मशीन बदललं की आकडा थोडासा हलायचा, मास्क बदलला की उडी मारायचा. कोणी आल्यागेल्यानं "मशीन कोणती हो?" विचारलं की बाबा कवळी दाखवायचे. त्यांचा चेहरा उजळला होता, भूक लागत होती, आईशी भांडणं पूर्ववत झाली होती.

आता एकच गळती उरली होती. नळी जिथं मास्कला येऊन मिळते तिथल्या वळणावर बारीक भोकांचं एक कडं होतं. तिथं पाणी लावलं की फेसाचा गोळाच उभा राहायचा.

"पाह्य, कंपनीनंच गळका देला," बाबा म्हणाले. मी वाकून बघितलं आणि मान डोलावली. हे मला लिहायलाच हवं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी यार्डातून घरी आले तर आई दारातच म्हणाली, "आज लय शांत झोपले." बाबा कॉटवर मास्क लावून पडले होते. मशीनवर बघितलं, तर वाया जाणाऱ्या हवेचा आकडा जवळजवळ शून्यावर. मला इतका आनंद झाला की मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. डॉक्टरांच्या टेबलावर आपटायला. मग हातपाय धुतले, जेवले, ताट घासलं.

परत गेले तेव्हा बाबांचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर घाम. हलवलं तर डोळे उघडले, पण मी त्यांना दिसत नव्हते. "शिफ्ट सुटली का?" त्यांनी विचारलं, मग आणखी काही बरळले आणि डोळे मिटले. मी पट्टे ओढून मास्क काढला आणि तो हातात धरताच बोटांना खडबडीत लागलं. नळाची गळती बुजवायची पुट्टी. भोकांचं सगळं कडं बाबांनी नीट, हात फिरवून, बुजवून टाकलं होतं.

आमच्या डब्याच्या ब्रेकलाही असं एक भोक असतं. ब्रेक सुटताना हवा तिथून बाहेर पडते. ते चिखलानं बुजलं तर ब्रेक सुटतच नाही, चाक घासत घासत जातं. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो, ही गळती नाही, हिला हात लावायचा नाही. मी स्वतः सांगते. आणि घरी, माझ्याच बापाच्या तोंडावर ते भोक बघून मी मान डोलावली होती. मास्कला आत येणारी नळी एकच, बाहेर जाणारी नाही. जुनी हवा निघायची ती त्या भोकांतूनच. बाबा दोन तास स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत होते. डाव्या गालाशी जे दोन-चार बुडबुडे आम्हाला बंद करता आले नव्हते, तेवढ्यानंच ते वाचले असावेत.

डॉक्टरांना फोन केला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. ते भडकले. त्यांचा हक्कच होता. भोकं उघडी असलेला दुसरा मास्क ताबडतोब लावा, उशाकडून उंच बसवा, अर्ध्या तासात शुद्ध नीट आली नाही तर घेऊन या, म्हणाले. वेल्डिंगवाला मास्क चढवला. मी एका बाजूनं पाठ धरली, आईनं दुसरीकडून. वीस मिनिटांनी बाबांनी आईला विचारलं, "कावून रडून राहिली?" आणि चहा मागितला.

त्यानंतर घरात कोणी ओरडलं नाही, तेच वाईट. आई म्हणाली, उद्या भरती करा, हे आपलं काम नाही. आई चुकत होती असं मला आजही वाटत नाही. मला धक्का बसला तो बाबांचा. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कर भरती. जिंदगीभर मी लोकायले सांगतलं, पाइपात काय चालून राहिलं ते माहीत नसन तर हात लावू नका. अन् मीच लावला. मले आता समजत नाई, पोरी. लिहिलं ते खरंच लिहिलं त्यायनं."

त्या ओळीवर मी पेटले. बाबांशी आयुष्यात कधी बोलले नव्हते अशा आवाजात बोलले.

"खरं लिहिलं? पट्टा कसा कसायचा ते कोणी शोधलं? कवळीचं कोणी शोधलं? तुमी. इतक्या गळत्या तुमी शोधल्या, एक चुकली, अन् त्या चुकीत मी बी होती. दवाखान्यानं सहा दिवसांत एक तरी शोधली का? भरती व्हायचं तर व्हा, पण त्यायनं लिहिलं म्हणून नाही व्हायचं."

बाबांनी पुट्टी लागलेला मास्क उचलून नखानं खरवडून बघितला. मग म्हणाले, "तसाच दुसरा आन. नाकतोंडवाला. पुट्टी निघन नाई आता."

दुसऱ्या दिवशी मी तो आणला. बाबांनी तो हातात घेऊन भोकांचं कडं बोटानं चाचपलं आणि आईला जुन्या पेटीतून लाल पुठ्ठा काढायला लावला. प्लांटमध्ये जो व्हॉल्व्ह चुकूनही बंद व्हायला नको त्याला लाल टॅग बांधतात. बाबांनी तसाच टॅग कापला, त्यावर मराठीत आणि हिंदीत लिहिलं, बंद करू नये, आणि दोऱ्यानं त्या वळणाला बांधला. मग मला म्हणाले, "आता लाव." मी मशीन सुरू केलं, भोकांपुढे तळवा धरून हवा बाहेर येतेय ते बघितलं आणि मगच पट्टे ओढले.

महिना भरला तेव्हा आम्ही तिघं तपासणीला गेलो, मास्क पिशवीत, टॅगसकट. रक्त घेण्याआधी थोडा वेळ मशीन लावायचं म्हणून आम्हाला वॉर्डात पाठवलं. वॉर्डबॉय तोच. त्यानं सवयीनं हात पुढे केला, "अंकल, दाँत निकालिए."

"नहीं निकालूँगा."

"अंकल, थोड़ा को-ऑपरेट कीजिए."

मी तोंड उघडणार तोच बाबांनी मला हातानं थांबवलं. स्वतः मास्क लावला, समोरासमोरचे पट्टे थोडा हा थोडा तो असे ओढले, आणि मास्कच्या आतून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बेटा, पहले मास्क को बोलो को-ऑपरेट करे. देख, ऐसे बैठता है." शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा, ज्याच्या मास्कमधून हवा शिट्टी मारत होती, मान वळवून बघत होता. बाबांनी त्याच्याकडे बोट केलं. "उनका दाँत कहाँ रखा है?" वॉर्डबॉय आधी हसला. मग जाऊन टेबलाचा खण उघडला.

मनगटातून रक्त घेतलं. आकडा खाली आला होता. धडधाकट माणसाइतका नाही, तसा तो कधीच येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण गळ्याचा विषय सध्या बंद. लाल टॅग त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, हे बरं केलं. मी म्हटलं, मग ती फाइलमधली ओळ खोडा. जुना कागद बदलता येत नाही, ते म्हणाले. ठीक आहे. बाहेर बाकावर बसून मी माझ्याच पेननं त्या ओळीखाली मराठीत लिहिलं, पेशंटची कवळी तुम्ही डबीत ठेवली होती. आणि खाली सही केली.

रविवारी बाबा विहारात गेले. उभं राहवत नव्हतं म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. त्यांनी पहिली ओळ सुरू केली आणि ती अर्ध्यात तुटली. श्वास संपला. समोर बसलेल्या कोणीतरी, मायेनंच, उरलेली अर्धी ओळ उचलली, आणि आणखी दोघंतिघं त्यात मिसळले.

बाबांनी हाताचा पंजा वर केला, गॅसच्या लाइनजवळ माणसं थोपवताना करायचे तसा. सगळे गप्प झाले. बाबांनी ओठ चिमटीसारखे करून आतली जुनी हवा सावकाश बाहेर सोडली, पुरती सोडली, मग नवी घेतली. उरलेली अर्धी ओळ त्यांनी स्वतःच म्हटली, आणि मग आम्ही ती त्यांच्या मागून म्हटली.